इंजेक्टर मापाने घ्या, अंदाजाने नको

टर्बो लावलेल्या गाडीच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचे, हा प्रश्न वरवर पाहता फक्त मिस्त्रीचा वाटतो. आमच्या मते तो हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेबाचा म्हणूनच व्यापाराचाही आहे. आमचा धंदा कापडाचा. कापडात पन्ना, काउंट आणि रीड-पिक विचारल्याशिवाय कोणी शहाणा माणूस सौदा करीत नाही. पण हजारो रुपयांचे इंजेक्टर घेताना आमचेच कारागीर भाई 'मोठ्यातला मोठा द्या' एवढे बोलून मोकळे होतात. या सवयीने इंजिने फुटतात, गिऱ्हाईक तुटते आणि शेवटी गॅरेजचे नाव जाते. म्हणून हा विषय या पानावर सविस्तर मांडावा असे आम्हांला वाटले.

आमच्या बिरादरीतील किती घरे गॅरेजवर, स्पेअर पार्टवर आणि पंप-नोझलच्या कामावर चालतात हे वाचकांना सांगायला नको. हे हुन्नर बापाकडून मुलाला, वस्तादाकडून शागीर्दाला मिळत आले. त्यात कानाला फार मान होता. इंजिनाचा आवाज ऐकून कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवणारे वस्ताद आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्या हाताला आमचा सलाम आहे. पण कार्बोरेटर गेला. २००० सालापासून प्रदूषणाचे भारत स्टेज नियम लागले तसे नव्या मोटारींत इंजेक्टर आले. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झाले आणि गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवू लागला. त्यात आता छोट्या मोटारींनाही टर्बो आला आहे. ज्या यंत्राचा कारभार आकड्यांवर चालतो, त्याच्याशी आकड्यांतच बोलले पाहिजे.

टर्बोमुळे काय बदलते

साध्या इंजिनात हवा वातावरणाच्या दाबाने आत येते. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. बूस्ट १ बार असेल तर इनटेक मॅनिफोल्डमधला एकूण दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट होतो. इंटरकूलरने हवा नीट थंड केली, तर सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा जाते. हवा दुप्पट म्हणजे पेट्रोलही दुप्पट लागणार, कारण शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यासाठी १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते.

पण टर्बोवर पूर्ण जोर दिला असताना एवढे पेट्रोल पुरत नाही. सिलिंडरमधली उष्णता आवरण्यासाठी थोडे जादा पेट्रोल मुद्दाम द्यावे लागते. त्या वेळी १ किलो पेट्रोलला साधारण ११.५ ते १२ किलो हवा, असे मिश्रण ठेवतात.

हे पेट्रोल कमी पडले तर काय होते, ते आधी समजून घ्या. मिश्रण पातळ होते, सिलिंडरमधली उष्णता वाढते आणि ठिणगीने लागलेली आग सरळ पसरण्याऐवजी कोपऱ्यातले मिश्रण आपोआप धडकन पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात नॉकिंग बराच वेळ सोसले जाते. टर्बोच्या दाबाखाली मात्र काही सेकंदांतही रिंगांमधली पिस्टनची कड तुटू शकते, पिस्टनचा माथा वितळू शकतो, हेड गॅस्केट उडू शकते. वस्तादाच्या कानाला आवाज येईपर्यंत कधी कधी नुकसान होऊन गेलेले असते. इंजेक्टर लहान पडल्याचा दंड हा असा रोकडा असतो.

मग मोठाच का नको?

इथेच आमच्या भावांची गफलत होते. लहान इंजेक्टरने इंजिन फुटते म्हणून मोठ्याने ते वाचते, असा सरळ हिशेब ते मांडतात. पण इंजेक्टर हा नळ नव्हे. तो दर मिनिटाला शेकडो, वेग वाढला की हजारो वेळा उघडणारा आणि मिटणारा विजेचा व्हॉल्व्ह आहे. प्रत्येक वेळी तो किती क्षण उघडा राहील हे ईसीयू ठरवतो. तेव्हा पूर्ण जोरावर पेट्रोल कमी पडता कामा नये, आणि गाडी सिग्नलवर उभी असताना नेमके थेंबभरच पडले पाहिजे, ही दोन्ही कामे एकाच इंजेक्टरने करायची आहेत.

एक उदाहरण घ्या. चार सिलिंडरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर उभे आहे आणि तासाला ९०० सीसी पेट्रोल खाते असे समजा. म्हणजे मिनिटाला १५ सीसी, आणि एका इंजेक्टरच्या वाट्याला पावणेचार सीसी. दोन फेऱ्यांत एक वेळ या नात्याने तो मिनिटाला ४०० वेळा उघडतो. ४४० सीसीचा इंजेक्टर असेल तर दर वेळी पेट्रोल सोडायला त्याला सुमारे १.३ मिलिसेकंद मिळतात. त्याच जागी १००० सीसीचा लावला तर जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदात काम आटोपावे लागते. आता इंजेक्टरला विजेचा इशारा मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडायलाच साधारण १ मिलिसेकंद लागतो. उघडण्याचा वेळ जास्त आणि कामाचा वेळ कमी, अशी गत झाली म्हणजे दर वेळी पडणारे पेट्रोल सारखे राहत नाही. गाडी उभी असताना थरथरते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, काळा धूर सोडते.

जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि रिंगा झिजतात. न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते, प्लग काळे पडतात, धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. लहान इंजेक्टर इंजिनाला एका दिवसात मारतो, फाजील मोठा हळूहळू मारतो, एवढाच काय तो फरक. तेव्हा मोठा म्हणजे चांगला, हे सूत्र सोडून दिले पाहिजे. चांगले कारखाने आता मोठ्या प्रवाहाचे पण अचूक उघडमीट करणारे इंजेक्टर बनवतात हे खरे आहे. पण त्यांची किंमतही तशीच असते, आणि ते चालवायला ईसीयूत त्यांचे पुरते आकडे भरावे लागतात.

सातवीच्या मुलाला जमणारा हिशेब

आता मुख्य गोष्ट. इंजेक्टरचे माप काढायला इंजिनिअरिंग कॉलेजात जायची गरज नाही. गुणाकार आणि भागाकार येत असला की पुरे.

टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.६ पौंड पेट्रोल लागते असे धरण्याची रीत आहे. आपल्या मापात सांगायचे तर एका अश्वशक्तीला मिनिटाला ६.३ सीसी. टर्बो नसेल तर हाच आकडा ०.५ पौंडाच्या आसपास, म्हणजे सव्वापाच सीसी धरतात. टर्बोच्या गाडीला बिनटर्बोचा आकडा लावणे म्हणजे जाड्या माणसाचा कुर्ता बारीक माणसाच्या मापाने बेतण्यासारखे आहे.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. इंजिन ६००० फेऱ्यांवर असताना एका सिलिंडरचे पूर्ण चक्र, म्हणजे दोन फेऱ्या, २० मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्यांतले किती टक्के उघडा राहिला ती त्याची ड्यूटी. १०० टक्के म्हणजे तो मिटतच नाही, सतत उघडा. तिथे ईसीयूच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून पूर्ण जोरावरही ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा पक्का रिवाज आहे. म्हणजे या वेगावर १६ मिलिसेकंद, फार तर.

तेव्हा रीत अशी: अश्वशक्तीला ६.३ ने गुणा, इंजेक्टरच्या संख्येने भागा, आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने भागा. उत्तर सीसीत मिळेल.

चार सिलिंडरच्या इंजिनातून २०० अश्वशक्ती हवी आहे असे समजा. २०० गुणिले ६.३ म्हणजे १२६०. चारने भागले, ३१५. त्याला ०.८ ने भागले, ३९४. बाजारात याच्या वरचे जवळचे माप ४४० सीसी मिळते. ते लावले तर पूर्ण जोरावर ड्यूटी ७२ टक्क्यांच्या आसपास राहील. हे झाले अंगाबरोबर शिवलेले कापड. याच गाडीला १००० सीसीचे इंजेक्टर लावणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला ढगळ कुर्ता घालून वर त्याच्याकडून जादा कापडाचे पैसे घेतो.

तीन सिलिंडरचे इंजिन असेल आणि १५० अश्वशक्ती हवी असेल, तर १५० गुणिले ६.३ म्हणजे ९४५, भागिले तीन म्हणजे ३१५, आणि ०.८ ने भागले की पुन्हा ३९४. इंजिन लहान आहे म्हणून इंजेक्टर लहान, असे होत नाही. सिलिंडर कमी असले की प्रत्येकावर बोजा जास्त पडतो. डोळ्यांनी अंदाज घेणारा नेमका इथे फसतो.

एक खबरदारी घ्यावी. डायनोवर चाकांशी मोजलेली ताकद इंजिनाच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी दिसते, कारण गिअर आणि ॲक्सल आपला वाटा खातात. हिशेब इंजिनाच्या ताकदीवर करायचा, चाकाच्या नव्हे.

मोठे कारखानेही याच वाटेने जातात. टोयोटाच्या सुप्रा गाडीचे १९९३ च्या सुमाराचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे इंजिन जाणकारांत प्रसिद्ध आहे. जपानसाठी ते २८० अश्वशक्तीचे होते आणि त्याला ४४० सीसीचे इंजेक्टर होते. अमेरिकेसाठी तेच इंजिन ३२० अश्वशक्तीचे केले तेव्हा टोयोटाने ५५० सीसीचे इंजेक्टर दिले. वरच्या रीतीने पाहा, पहिल्याची ड्यूटी ६७ टक्क्यांच्या आसपास येते आणि दुसऱ्याची ६१. म्हणजे कारखान्याने जागा राखली, पण १००० सीसी काही लावले नाहीत. एकच इंजिन दोन बाजारांत दोन ताकदींनी विकायचे, तर त्यांनी मापही दोन वेळा काढले. आम्ही आमच्या भावांकडे एवढेच मागतो.

दाबाचा आकडा विचारल्याशिवाय सौदा नको

इंजेक्टरवर ४४० लिहिले आहे, पण कोणत्या दाबावर? हा प्रश्न दुकानदाराला विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. बहुतेक जुनी मापे ३ बारवर दिलेली असतात, काही विक्रेते ४ बारचा आकडा छापतात. दाब वाढला की प्रवाह वाढतो, पण वर्गमुळाच्या नात्याने. ३ बारवर ३८० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारवर सुमारे ४४० देतो. म्हणजे एकच माल, आकडे दोन. कापडाच्या बाजारात कोणी ३६ इंच पन्न्याचा भाव ४४ इंचाला लावला तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. इथे तोच प्रकार उजळ माथ्याने चालतो, कारण विचारणारा कोणी नाही.

याचीच दुसरी बाजू प्रेशर रेग्युलेटरची. इंजेक्टरच्या एका तोंडाला रेलचा दाब असतो, दुसऱ्या तोंडाला मॅनिफोल्डचा. दोहोंतला फरक म्हणजे खरा दाब. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असेल तर बूस्ट वाढेल तसा रेलचा दाबही वाढतो आणि फरक कायम राहतो. पण पुष्कळ नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि रेलचा दाब एकाच आकड्यावर बांधलेला असतो. तिथे रेलला ४ बार आणि बूस्ट १ बार असेल, तर इंजेक्टरला खरे ३ बारच मिळतात आणि प्रवाह सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. नेमका जेव्हा जास्त पेट्रोल हवे, तेव्हाच ते कमी येते. ज्याने हा हिशेब केला नाही त्याला वाटते इंजेक्टर खोटा निघाला.

पंपाचेही तसेच. वरच्या २०० अश्वशक्तीच्या गाडीला तासाला सुमारे ७६ लिटर पेट्रोल लागेल. पंपावर लिहिलेला आकडा दाब नसतानाचा असेल तर ४-५ बारवर तो बराच खाली येतो. इंजेक्टर बदलून पंप आणि फिल्टर तसेच ठेवणे म्हणजे दुकान वाढवून गोदामाचा दरवाजा अरुंद ठेवणे होय.

विजेचा मुद्दाही विसरू नये. काही इंजेक्टरांच्या कॉइलचा रोध १२ ते १६ ओहम असतो, काहींचा २ ते ४. जास्त रोधाच्या इंजेक्टरसाठी बनवलेल्या ईसीयूला कमी रोधाचा इंजेक्टर सरळ जोडला तर ईसीयूतला ड्रायव्हर जळतो. साधा मल्टिमीटर लावला तर हे अर्ध्या मिनिटात कळते.

आता पेट्रोलही बदलले आहे

जुन्या पुस्तकांतले आकडे शुद्ध पेट्रोलचे आहेत. आपल्या देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे ई२० पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते जवळजवळ सगळीकडे पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी ई२० सुमारे ६ ते ७ टक्के जास्त लागते. वरच्या उदाहरणात ३१५ चे ३३७ होतात आणि इंजेक्टर ३९४ ऐवजी ४२१ सीसीचा लागतो. ज्याने काटोकाट ४०० सीसीचा घेतला असेल त्याची ड्यूटी ८४ टक्क्यांवर जाईल. ४४० वाला ७७ टक्क्यांवर सुखरूप आहे. मापात थोडी जागा ठेवणे शहाणपणाचे का, ते यावरून कळावे. थोडी म्हणजे १०-१५ टक्के. दुप्पट नव्हे.

मिश्रण मोजणारे वाइडबँड मीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनीही लक्षात ठेवावे की त्यावरचा १४.७ चा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. ई२० ला पुरते जळायला १ किलोमागे सुमारे साडेतेरा किलोच हवा लागते. तेव्हा मीटर लॅम्डावर लावून वाचावे. लॅम्डा १ म्हणजे बरोबर मिश्रण, मग पेट्रोल कोणतेही असो. टर्बोच्या पूर्ण जोरावर तो ०.८ च्या आसपास दिसला पाहिजे.

कुठे हात लावू नये

वरचा सगळा हिशेब, ज्या गाडीत इंजेक्टर मॅनिफोल्डच्या तोंडाशी पेट्रोल सोडतो तिचा आहे. टाटा नेक्सॉन २०१७ साली आली तेव्हा तिचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन या प्रकारचे होते. ह्युंदाई व्हेन्यूचे १ लिटरचे टर्बो, फोक्सवॅगनचे टीएसआय, मारुतीचे बूस्टरजेट ही इंजिने मात्र थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी आहेत. तिथे रेलचा दाब २०० बारच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो, पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि सीलसुद्धा खास हत्यारांनी बसवावे लागते. अशा गाडीत बाजारातला इंजेक्टर घालून पाहू, असे म्हणूच नये. दाबाखालची नळी सैल केली तर उडणारी धार कातडी भेदून आत शिरते. हा जिवाचा प्रश्न आहे.

डिझेल कॉमन रेलवाल्यांनीही तेच समजावे. तिथे दाब १६०० बार किंवा जास्त, आणि अनेक कंपन्यांच्या प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो. तो कोड ईसीयूत भरला नाही तर नवा कोरा इंजेक्टरही जुन्यासारखा वागतो. जुन्या टेम्पोच्या पंपाचा स्क्रू वाढवून ताकद काढण्याची खोड पुष्कळांना होती. त्याने काळा धूर निघे, टर्बोचे कव्हर तापून तडके. मालवाहू गाडीचा मालक या नात्याने आम्ही सांगतो, असल्या ताकदीने मालकाचा कधी नफा होत नाही.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याने नोंदवलेल्या गाडीत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले, आणि त्याच साली झालेल्या दुरुस्तीने परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. न कळवता केलेला बदल विमा कंपनीलाही दावा नाकारायला कारण देतो. म्हणून ताकद वाढवण्याचे काम शर्यतीच्या मैदानावर चालणाऱ्या गाडीचे आहे. रस्त्यावरच्या गाडीचे गिऱ्हाईक आले तर त्याला हे आधी, साफ शब्दांत सांगावे. सांगून पाठवलेले गिऱ्हाईक परत येते. पकडले गेलेले गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवीत नाही, आणि दहा जणांना सांगते ते वेगळेच.

आमची सूचना

मग या हिशेबाचा रोजच्या धंद्यात उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग फार आहे. ताकद कमी पडते, ॲव्हरेज घटले, गाडी थरथरते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना नवा इंजेक्टर लागतच नाही. जुना सेट काढून अल्ट्रासॉनिक यंत्रात साफ करावा, टेस्ट बेंचवर चारही नळ्यांतले पेट्रोल मोजावे. चारांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक नसला आणि आकडा कारखान्याच्या मापाशी जुळला, तर दोष दुसरीकडे शोधावा. नवा सेट घेतला तरी तो आधी बेंचवर मोजून मगच बसवावा. नावाजलेल्या कंपनीच्या डब्यात नकली माल भरून विकणारे बाजारात आहेत. त्यांच्यापुढे डब्यावरचे नाव चालत नाही, बेंचवरचा आकडाच चालतो.

बेंच महाग पडतो, एकट्याला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण एका गल्लीत आठ-दहा गॅरेजे असतात. चार जणांनी मिळून एक बेंच घ्यावा, वेळ वाटून घ्यावा, बाहेरच्यांकडून मोजणीचे पैसे घ्यावेत. यंत्रमागवाल्यांनी सूत एकत्र खरेदी करून भाव पाडून घेतले, तसेच हे आहे. शेजारी हा प्रतिस्पर्धी असतो, पण मापाच्या कामात तो भागीदार होऊ शकतो.

दुसरी सूचना चिठ्ठीची. इंजेक्टर बदलणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीने गिऱ्हाइकाला एक कागद लिहून द्यावा: ताकद किती धरली, इंजेक्टर किती सीसीचा, कोणत्या दाबावर, ड्यूटी किती टक्के, बेंचवर चारांचे आकडे काय, ईसीयूत आकडे भरले की नाही. पाच-सहा ओळींचे काम आहे. उद्या काही बिघडले तर भांडण कमी होते, दोष कोणाचा ते कळते. मजुरीबद्दल घासाघीस करणारे गिऱ्हाईकही कागद पाहून जरा गप्प बसते, कारण आपण हाताचे नव्हे, अकलेचे पैसे देत आहोत हे त्याला दिसते. कंपनीचे सर्व्हिस सेंटर छापील बिल देते म्हणून लोक तिथे चौपट पैसे मोजतात. आमच्या कारागिराचा हात त्यांच्याहून कमी नाही, कागद तेवढा कमी पडतो.

तिसरी सूचना पोरांच्या शिक्षणाची. आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागलेला मुलगा पाना चांगला धरतो, पण टक्केवारी आली की घाबरतो. त्याला घाबरवणारे गणित वरच्या तीन ओळींएवढेच आहे. वस्तादांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पाटी घेऊन बसवले तर महिन्याभरात तो शिकेल. उर्दूतून शिकवा, मराठीतून शिकवा, हिंदीतून शिकवा, आकडे सगळीकडे सारखेच असतात. ज्याला जमेल त्याने आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्सही पुरा करावा. आम्ही स्वतः उर्दू शाळेत पहाडे घोकले, आणि तेच आजवर दुकानात कामी येत आहेत.

कोणी म्हणेल, इतकी वर्षे अंदाजावर धंदा चालला, आता काय बिघडले? बिघडले असे की पूर्वी चूक झाली तर कार्बोरेटरचा जेट बदलून भागत असे, आता एका चुकीत अख्खे इंजिन जाते. शिवाय गिऱ्हाइकाचा मुलगा मोबाइलवर चार गोष्टी वाचून येतो आणि विचारतो, 'चाचा, ड्यूटी सायकल किती ठेवली?' त्याला उत्तर देता आले नाही तर तो दुसरे गॅरेज शोधतो. आणि ज्याने बिनहिशेबाचा माल गळ्यात मारून इंजिन फोडले, त्याने एका माणसाची वर्षांची कमाई बुडवली असे आम्ही समजतो. नापतोल सरळ ठेवणे हा व्यापाराचा पहिला धडा आहे. तो गजाला लागू आहे, तराजूला लागू आहे, आणि इंजेक्टरच्या सीसीलाही लागू आहे. आमच्या कारागीर भावांनी पुढचा सेट मागवण्याआधी कागद-पेन्सिल हाती घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.